शोकाला मुदत असते का? : हिंगण्याच्या दोन आत्मकथनांच्या निमित्ताने

१

मराठी स्त्रियांची आत्मचरित्रे आपण बहुधा सामाजिक सुधारणेच्या इतिहासाची साधने म्हणून वाचत आलो आहोत. बालविवाह, केशवपन, सासुरवास, स्त्रीशिक्षणाला झालेला विरोध यांचे अनुभवसिद्ध पुरावे त्यांत मिळतात आणि अभ्यासक ते उचलून पुढे जातो. हे वाचन अनाठायी आहे असे नाही. मात्र त्यामुळे एक वाङ्मयीन प्रश्न दुर्लक्षित राहतो. ज्या जीवनकथेला वळण देणारी घटनाच कुणाचा तरी मृत्यू आहे, त्या कथेत शोकाचे स्थान कोणते? तो कोणत्या भाषेत व्यक्त होतो, आणि व्यक्त होत नसेल तर त्याच्या जागी काय येते?

हा प्रश्न येथे पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) या दोन संहितांपुरता मर्यादित ठेवला आहे. दोघी सख्ख्या बहिणी, कोकणातल्या जोशी घराण्यातल्या. दोघींना वैधव्य आले. थोरल्या बहिणीने पुनर्विवाह केला, धाकटीने तो केला नाही. दोघींची आयुष्ये पुण्याजवळच्या हिंगण्याशी बांधली गेली. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली तेथील माळावरच्या झोपडीत गेला. आज हा परिसर शहरात पूर्णपणे सामावला असून कर्वेनगर या नावाने ओळखला जातो.

या दोन आत्मकथनांचा अर्थ उलगडायचा तर मृत्यूनंतर जिवंतांनी कसे वागावे याविषयी धर्मपरंपरेने दिलेले मार्गदर्शन आधी नीट पाहावे लागते. त्या मार्गदर्शनात शोक करणाऱ्याला एक निश्चित भूमिका दिलेली आहे, ती श्रोत्याची. या बहिणींनी ती भूमिका बदलली, आणि हा बदल त्यांच्या ग्रंथांच्या शीर्षकांतच नोंदला गेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२

याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायाचा आरंभ अशौचप्रकरणाने होतो. मृताला जलांजली देऊन आलेले आप्त हिरवळीवर बसले असता वडीलधाऱ्यांनी त्यांना पुरातन इतिहासकथा सांगून सावरावे, असा तेथे आदेश आहे. माणसाचे जीवन केळीच्या खांबाइतके निःसार आहे, पाच भूतांचा देह पाच भूतांत परतला तर त्यात विलाप करण्याजोगे काय, असा त्या सांत्वनाचा युक्तिवाद आहे. पुढे अधिक व्यावहारिक कारण येते. आप्तांनी ढाळलेली आसवे प्रेताला निरुपायाने ग्रहण करावी लागतात. म्हणून रडू नये, आपल्या शक्तीप्रमाणे क्रिया कराव्यात.

कथा ऐकणे, रडू न देणे आणि क्रियेत गुंतवणे असे या मार्गदर्शनाचे तीन घटक दिसतात. शोक ही येथे व्यक्त करण्याची गोष्ट नसून आवरण्याची गोष्ट आहे. ती आवरण्यासाठी कालमर्यादा आखून दिलेली आहे. मनुस्मृतीने वर्णपरत्वे दहा, बारा, पंधरा आणि तीस दिवसांचे अशौच सांगितले. 'निर्णयसिंधु' आणि 'धर्मसिंधु' यांसारख्या नंतरच्या निबंधग्रंथांनी त्यातील बारकावे विस्ताराने मांडले. महाराष्ट्रात दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचा क्रम रूढ झाला. पा. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध या विषयांना दिलेला पृष्ठविस्तार पाहिला, तरी या विचाराची व्याप्ती ध्यानात येते.

या व्यवस्थेचे मानवी मोल नाकारण्याचे कारण नाही. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भात येतो, प्रत्येक दिवसाला काही कृत्य नेमलेले असते. ज्याला काय करावे हे सुचत नाही त्याला काय करायचे ते सांगितले जाते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा मृताची राहिलेली इच्छा कोणती याचा तर्क करून तिच्या पूर्ततेचे वचन दिले जाते. एरवी मुके असलेले प्रेम तेथे एका वाक्यापुरते बोलते. मात्र घाटावर हे वचन देणारा परंपरेने पुरुष असतो. स्त्रिया घरी असतात.

या संदर्भात मराठीतली शब्दयोजना तपासण्याजोगी आहे. 'सूतक' हा संस्कृत शब्द मुळात जननाशौचाचा. मराठीत जन्माला 'सोयर' हा वेगळा शब्द मिळाला आणि 'सुतक' मृत्यूकडे गेले. सुतक 'धरले' जाते, 'पाळले' जाते आणि 'फिटते'. दुखवटाही पाळला जातो आणि नातेवाईक कपडे देऊन तो 'काढतात'. म्हणजे मृत्यूनंतरच्या अवस्थेसाठी भाषेने जी क्रियापदे दिली ती कर्ज आणि व्रत यांची आहेत. ऋणाप्रमाणे फिटणारे आणि व्रताप्रमाणे पाळायचे असे काहीतरी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम याने १९१२ मध्ये, शोकविधी हा भावनेचा उत्स्फूर्त उद्रेक नसून समूहाने लादलेले कर्तव्य असते, असे म्हटले होते. मराठी क्रियापदे हेच सांगत आली आहेत.

३

या व्यवस्थेत एका व्यक्तीसाठी मुदतच ठेवलेली नाही. ती व्यक्ती म्हणजे मृताची पत्नी. मनुस्मृती तिला फुले, मुळे व फळे यांवर देह झिजवून मरेपर्यंत संयमाने राहण्यास सांगते. स्कंदपुराणातील काशीखंडात भूमिशयन, एकभुक्त राहणे आणि केशवपन यांचे विधान येते. विधवेने बांधलेली वेणी पतीला बंधन ठरते हा त्यामागचा तर्क. केशवपनाला प्राचीन आधार नाही हे काण्यांनी साधार दाखवले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींमध्ये ती अनुल्लंघनीय रूढी होती.

याच्या शेजारी विधुराविषयीचे वचन ठेवून पाहावे. सद्वर्तनी पत्नीचे अग्निहोत्राच्या अग्नीने दहन करून पतीने विलंब न लावता विधिवत दुसरी पत्नी आणि अग्नी स्वीकारावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. गृहस्थाश्रम खंडित होऊ नये ही दृष्टी त्यात आहे. एकाच ग्रंथपरंपरेत पुरुषाच्या शोकाला घाईने संपवले आहे आणि स्त्रीच्या शोकाचा शेवट काढून टाकला आहे. कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बायांशी, विवाह केला. मुरूडच्या समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या बहिष्काराचे कारण त्यांचा दुसरा विवाह हे नव्हते. शास्त्र त्यांना तोच सल्ला देत होते. बहिष्कार होता तो वधू विधवा असल्याबद्दल, म्हणजे एका स्त्रीचा अनंत दुखवटा संपवल्याबद्दल.

येथेही भाषा काही सांगते. केशवपन केलेल्या विधवेला मराठीत 'सोवळी बाई' म्हणत. मृत्यूमुळे सारे घर दहा दिवस अस्पर्श होते आणि नंतर शुद्ध होते. तिला मात्र त्या मृत्यूनेच कायमचे सोवळे बहाल केले. तिच्या हातचा नैवेद्य चालतो आणि तिचे दर्शन मात्र अशुभ. अशौच फिटते, अमंगल फिटत नाही. सुतकाच्या विचाराने मृत्यूचा विटाळ दूर करण्याची पद्धती शोधली. शोकाचे काय करावे हा प्रश्न तिने सोडवलेला नाही, आणि विधवेच्या शरीरावर तो प्रश्न जन्मभर दृश्य स्वरूपात ठेवून दिला.

बालविधवेच्या बाबतीत याला आणखी एक विपरीत रूप येते. बायांना वैधव्य आले ते आठव्या वर्षाच्या सुमारास, संसार सुरू होण्याआधीच. जिच्याजवळ स्मरणात ठेवण्याजोगा पती नाही, तिला त्याचा जन्मभर शोक पाळायचा आहे. 'शोक आणि विषण्णता' या १९१७ च्या निबंधात फ्रॉइडने शोकाचे काम हळूहळू पुरे होते असे मानले, कारण मन गमावलेल्या व्यक्तीवरची आपली गुंतवणूक एकेका आठवणीतून सोडवून घेते. येथे सोडवून घेण्यासाठी आठवणीच नाहीत. दुखवटा आहे आणि दुःखाचा विषय नाही. दुःख आहे ते दुखवट्याचेच. असा अनुभव सांगायला ना विलापिकेचा साचा उपयोगी पडतो, ना करुणरसाचा.

४

'पुराण' आणि 'कहाणी' ही दोन्ही नावे स्त्रियांना धार्मिक मार्गदर्शन ज्या रूपांतून मिळत असे त्यांची आहेत. चातुर्मासात देवळात पुराण लागे आणि त्याचा नित्याचा श्रोतृवर्ग विधवांचा असे. वाती वळत पुराण ऐकणे हा त्यांच्या आयुष्यातला मान्यताप्राप्त विरंगुळा होता. याज्ञवल्क्याने सांगितलेल्या सांत्वनाचेच हे लांबवलेले रूप. फरक एवढाच की, स्मृतीतले कथाश्रवण एका संध्याकाळपुरते होते आणि विधवेचे श्रवण मरेपर्यंतचे. पुराणिक सांगणार, ती ऐकणार. 'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण या सांगण्याकडे पाहण्याची लोकांची जागरूक नजर दाखवते. पण म्हणीपलीकडे श्रोत्याच्या हाती काही नव्हते.

कहाणीचे तसे नाही. ती स्त्रियांनी स्त्रियांना सांगायची, हाती अक्षता घेऊन. पण तिच्यातही विधवेला जागा नाही. व्रतांच्या कहाण्यांचे मोठे आश्वासन सौभाग्याचे असते. सावित्रीच्या कथेत मृत्यू येतो आणि परत जातो. तेथे शोक सोसायचा नसतो, उलटवायचा असतो. ज्या स्त्रीच्या बाबतीत तो उलटला नाही, तिच्याविषयी कहाणी गप्प राहते, किंबहुना तिने व्रतात काही उणे ठेवले असावे अशी शंका मागे सोडते. कहाणीचा शेवट सुफळ असतो आणि तो ऐकणारीलाही लाभावा अशी प्रार्थना असते. विधवेच्या आयुष्याला या साच्यात शेवटच मिळत नाही.

अशा परिस्थितीत एक विधवा आपल्या ग्रंथाला 'माझी कहाणी' म्हणते आणि पुनर्विवाहित बहीण 'माझे पुराण' म्हणते. पुराण देवांचे, राजांचे आणि ऋषींचे असते. कहाणी आदित्याची, शुक्रवारची, सोमवारची असते. 'माझे' हे सर्वनाम या शब्दांपुढे येताच दोन्ही वाङ्मयप्रकारांचे व्याकरण बदलते. ऐकणारी सांगणारी होते. ज्या आयुष्याला कहाणीने शेवट नाकारला, ते आयुष्यच कहाणीचा विषय होते.

यावर आक्षेप घेता येईल की, 'कहाणी' आणि 'पुराण' हे बोलीतले सहज शब्द आहेत. 'आपले पुराण लावू नकोस' असे आपण कंटाळवाण्या बोलण्याबद्दल म्हणतो, तेव्हा शीर्षकात केवळ नम्रता किंवा स्वतःची थट्टा असू शकेल. ही थट्टा आहेच. परंतु ती थट्टाच माझ्या मुद्द्याला पुष्टी देते. स्त्री स्वतःविषयी लांबण लावते तेव्हा ते हास्यास्पद 'पुराण' ठरते, आणि पुराणिक चार महिने दुसऱ्यांविषयी सांगतो ते पुण्यप्रद ठरते. ही विषमता शब्दातच साठलेली आहे. लेखिकेचा हेतू काय होता हे ठरवण्याची गरज नाही. शब्द आपला इतिहास घेऊन येतो.

या दोन्ही ग्रंथांच्या गद्याचा पोतही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. येथे पतिनिधनावरचा प्रदीर्घ विलाप नाही. बायांच्या कथनात शेतातले व घरातले कष्ट, माणसांचे स्वभाव, पैशांची ओढाताण, स्वतः कमावण्याची धडपड यांना जागा आहे. पार्वतीबाईंच्या कथनात आश्रमाचे काम, निधीसाठी केलेली भ्रमंती आणि १९१८ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर केलेला अमेरिकेचा प्रवास आहे. या कोरडेपणाला आपण निर्विकार धैर्य म्हणतो किंवा वाङ्मयीन उणीव म्हणतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ज्यांच्यावर शोक ही वेशभूषा म्हणून सक्तीने लादली गेली होती, त्यांनी गद्यातही तीच वेशभूषा घालावी अशी अपेक्षा धरण्यात पुन्हा तोच दंडक लागू होतो. विलाप न करणे ही या गद्याची निवड आहे, असे मानून ते वाचले पाहिजे.

५

ही निवड स्पष्ट होण्यासाठी तीन संहितांचा थोडक्यात निर्देश करतो. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेल्या कादंबरीची निवेदक यमू हीही विधवा आहे. तेथे पतिसहवासाचे सुख आधी विस्ताराने येते, मग त्याचा मृत्यू आणि नंतर सक्तीचे केशवपन. वाचकाला तिचा शोक समजतो, कारण त्याने तिचे प्रेम पाहिलेले असते. हरिभाऊंना वाचकाची सहानुभूती हवी होती आणि तिच्यासाठी प्रेमाचा दाखला आवश्यक वाटला. बालविधवेजवळ असा दाखला नसतो. तिच्या दुःखाला करुणरसाच्या न्यायालयात उभे राहण्याचा अधिकारच सिद्ध करता येत नाही. 'माझे पुराण' ते न्यायालयच टाळते.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात शोक स्मरणभक्तीचे रूप घेतो. १९०१ मध्ये निवर्तलेल्या पतीच्या जीवनाला तेथे केंद्रस्थान आहे. शीर्षकातले 'आमच्या' हे सर्वनाम त्या सहजीवनाचे आणि लेखिकेने स्वतःसाठी घेतलेल्या मागच्या जागेचेही निदर्शक आहे. 'आमच्या'पासून 'माझी' आणि 'माझे'पर्यंतचा प्रवास तीन-चार दशकांचा आहे. पार्वतीबाईंना संसाराचा अल्प अनुभव होता आणि मुलगा पदरी होता, तरी त्यांनी ग्रंथ पतीच्या आठवणींभोवती गुंफला नाही, हे येथे महत्त्वाचे ठरते.

तिसरी संहिता जुनी आहे. सतराव्या शतकातील बहिणाबाई शिऊरकर यांच्या आत्मपर अभंगांत शोकाचा सर्वांत उत्कट प्रसंग एका वासराच्या मृत्यूचा आहे. लळा लागलेले वासरू जाते, बहिणाबाई बेशुद्ध पडतात, आणि त्या अवस्थेतच त्यांना तुकोबांचा स्वप्नानुग्रह होतो. वासराचे सुतक नसते. ज्या मृत्यूसाठी शास्त्राने ना मुदत ठेवली ना क्रिया, त्याच मृत्यूपाशी स्त्रीचा शोक पहिल्या पुरुषी निवेदनात मोकळा होतो आणि गुरूकडे जाण्याची वाट बनतो. भक्तिपरंपरेने स्त्रीला बोलण्याची जी जागा दिली ती अशी विधीच्या बाहेर होती. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये बहिणाबाईंचे आणि १९३० मध्ये पार्वतीबाईंचे आत्मकथन इंग्रजीत नेले. एकाच अनुवादकाने या दोघींना एका ओळीत बसवले, पण मराठी समीक्षेने त्या दोन संहिता एकत्र ठेवून फारशा वाचल्या नाहीत.

६

हिंगण्याच्या संस्थेने स्वतःही शोकाला एक धार्मिक उत्तर दिले होते. १९०८ मध्ये कर्व्यांनी 'निष्काम कर्म मठ' स्थापन केला. 'मठ' हा शब्द संन्यासपरंपरेतला आणि 'निष्काम कर्म' गीतेतले. गीतेचा आरंभ अर्जुनाच्या विषादाने होतो, कृष्णाच्या उपदेशाचे पहिले पाऊल शोक अनुचित ठरवण्याचे असते आणि दुसरे कर्माकडे नेण्याचे. याज्ञवल्क्याचे 'रडू नये, क्रिया कराव्यात' हे सूत्र तेथे तात्त्विक उंचीवर जाते. मठाने या परंपरेतला 'क्रिया' हा घटक घेतला आणि पिंडदानाच्या जागी अध्यापन, स्वयंपाकघर, हिशेब व वर्गणी आणून ठेवली.

या बदलाचे मूल्यमापन सावधपणे करावे लागते. उमा चक्रवर्ती यांनी उच्चवर्णीय वैधव्याचा विचार सामाजिक मृत्यू म्हणून केला आहे. त्या मृत्यूतून शेकडो स्त्रियांना उत्पादक आयुष्यात परत आणण्याचे श्रेय हिंगण्याला निःसंशय आहे. पण विधवेच्या दुखवट्याला मुदत घालण्याचा प्रश्न मठाने सोडवला नाही. त्याने त्या मुदतहीन काळाला आशय दिला. शिक्षणाचे काम समाजाच्या रोषातून वाचावे म्हणून कर्व्यांनी ते पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. परिणामी पुनर्विवाहित बायांचे आपल्याच पतीच्या आश्रमाशी असलेले नाते सुरुवातीला अवघडलेले राहिले. आजन्म वैधव्य पत्करून सेवा करणाऱ्या पार्वतीबाई या मठाच्या आदर्शाला सहज जुळत होत्या. 'माझे पुराण' हे त्या आदर्शाच्या कडेला उभे राहून केलेले कथन आहे आणि त्याचा मोकळा, काहीसा तक्रारखोर सूर या स्थानातून येतो. निष्काम कर्माच्या छायेत 'माझे' म्हणणे हेच थोडे सकाम असते. आणि ते सकाम आहे म्हणूनच वाङ्मय आहे.

७

करुणरसातून आनंद कसा होतो यावर मराठी समीक्षेने पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीपासून के. ना. वाटव्यांच्या 'रसविमर्शा'पर्यंत (१९४२) ही चर्चा पसरली आहे. या वादात शोक हा स्थायीभाव गृहीत धरला होता. प्रेक्षक तो अनुभवतो कसा, एवढाच प्रश्न होता. शोक करण्याचा अधिकार कुणाला, किती दिवस आणि कुणाच्या शब्दांत, हा त्याआधीचा प्रश्न रसचर्चेने विचारला नाही. वाती वळणाऱ्या श्रोत्यांकडे तिचे लक्ष नव्हते. 'माझे पुराण' हे 'रसविमर्शा'नंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झाले, हा योगायोग बोलका आहे.

हा प्रश्न ऐतिहासिक होऊन संपलेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठराव स्वागतार्ह आहे आणि तो करावा लागला ही वस्तुस्थिती विषण्ण करणारी आहे. ठरावाने स्त्रीच्या शरीरावरची शोकचिन्हे उतरवता येतात. त्या दिवशी तिने काय म्हणावे, तिला कुणी ऐकावे, हे ठरावाच्या कक्षेत येत नाही.

ते वाङ्मयाच्या कक्षेत येते. शोकग्रस्ताला कथा सांगावी हे शास्त्राचे म्हणणे चुकीचे नव्हते. कथेचे सामर्थ्य त्याने ओळखले होते. शोकग्रस्ताने कथा सांगावी, आणि इतरांनी हिरवळीवर बसून ती ऐकावी, ही शक्यता मात्र त्याच्या विचारात नव्हती. हिंगण्याच्या या दोन बहिणींनी ती मराठी गद्यात आणली. त्यांचे ग्रंथ सुधारणेचे पुरावे म्हणून वाचताना आपण पुन्हा पुराणिकाच्या जागी बसून त्यांचा अर्थ त्यांनाच सांगू लागतो. श्रोत्याची जागा आता समीक्षकाने घ्यायची आहे.